कमानी उतरल्या, 'एम' उरला

मॅकडोनाल्ड्सच्या पिवळ्या 'एम'ला अमेरिकेत आजही 'गोल्डन आर्चेस' म्हणजे सोनेरी कमानी म्हणतात. अक्षराला कमान का म्हणायचं, हा घोळ सुटला की या साखळीच्या इमारतींचा निम्मा इतिहास कळतो.

आपल्याकडे कमान म्हटलं की दोन प्रकार डोळ्यांसमोर येतात. एक वाड्याची किंवा पुलाची, वरचं ओझं पेलणारी. दुसरी चौकातली स्वागत कमान, जी काही पेलत नाही, फक्त लांबून दिसते. मॅकडोनाल्ड्सच्या मूळ कमानी या दुसऱ्या जातीच्या.

कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या दोन मॅकडोनाल्ड भावांनी 1948 मध्ये आपल्या खानावळीचं स्वयंपाकघर झटपट कामासाठी नव्याने मांडलं, ती कथा बहुतेकांना ठाऊक आहे. इमारतीचा विचार त्यानंतर, 1952 च्या सुमारास सुरू झाला. स्वयंपाकघराला साजेशी इमारत म्हणजे एक बुटकी, सपाट पेटी. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्याच्या नजरेत न भरणारी. दोघांपैकी एका भावाने कागदावर दोन मोठी अर्धवर्तुळं काढली आणि ती छपरावरून उंच जाऊ द्या म्हणाला. पहिल्या काही वास्तुविशारदांना हा प्रकार रुचला नाही. शेवटी फोंटाना गावच्या एका वास्तुविशारदाने काम घेतलं आणि अर्धवर्तुळं ताणून निमुळत्या पॅराबोलासारखी केली. पिवळा पत्रा आणि निऑनचे दिवे ही पाट्या करणाऱ्या कारागिराची करामत. 1953 मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला अशी पहिली इमारत उभी राहिली: लाल-पांढऱ्या टाइल्स, पुढे झुकलेलं छप्पर आणि दोन्ही बाजूंना एकेक कमान.

तेव्हा 'एम' कुणाच्या मनातही नव्हता. कमानी एकमेकींना समांतर होत्या, इमारतीच्या दोन कडांना. गाडीतून तिरक्या कोनाने पाहिलं तरच त्या एकमेकींवर चढून अक्षरासारख्या दिसत. हाच तिरका देखावा 1962 मध्ये लोगोत आला. त्या लोगोत दोन कमानींना छेदणारी एक तिरपी रेघ होती. ती रेघ म्हणजे छप्पर. 1968 मध्ये ती पुसली गेली. म्हणजे आज जो 'एम' आपण ओळखतो, तो एका इमारतीचं चित्र आहे, ज्यातून इमारत काढून टाकली आहे.

रेघ पुसली गेली त्याच सुमारास खऱ्या इमारतींवरच्या कमानीही उतरवायचं ठरलं, आणि वाद आहे तो इथे: हे बरोबर झालं की चूक? 1961 मध्ये दोन्ही भावांनी 27 लाख डॉलर घेऊन व्यवसाय सोडला होता. सूत्रं आता मिल्कशेकची यंत्रं विकणाऱ्या एका माजी सेल्समनकडे होती. त्याला मूळ आराखड्याचा जाच पहिल्या दिवसापासून होता. 1955 मध्ये, भावांकडेच मालकी असताना, शिकागोजवळ त्याने आपलं पहिलं दुकान काढलं, तेव्हाच लक्षात आलं की ही इमारत वाळवंटी हवेसाठी बेतलेली आहे. तिला तळघर नाही. मग इलिनॉयच्या हिवाळ्यात भट्टी ठेवायची कुठे? शिवाय खिडकीपाशी उभं राहायचं, पुडकं घ्यायचं आणि गाडीत बसून खायचं, ही रीत बर्फात चालत नाही. लोकांना आत टेबल-खुर्ची हवी होती.

दुसरी अडचण गावांची. साठच्या दशकात अमेरिकेत रस्त्याकडेच्या भडक पाट्यांविरुद्ध हवा तयार झाली. 1965 मध्ये महामार्गांवरच्या जाहिरात फलकांना आवर घालणारा कायदा आला. उपनगरांतल्या बांधकाम-मंजुरी समित्यांना पिवळी झळाळणारी कमान शेजारी नको होती. पन्नासच्या दशकात जे आधुनिक वाटत होतं, ते पंधरा वर्षांत भपकेबाज ठरलं.

या वादात एक किस्सा हमखास येतो. एका मानसशास्त्रीय सल्लागाराने म्हणे बजावलं, की इमारतीवरून कमानी काढा, पण लोगोतून काढू नका. कारण ग्राहकाच्या सुप्त मनाला त्यात आईचे स्तन दिसतात. किस्सा चविष्ट आहे, म्हणून टिकला. पण इतकी वर्षं पाटीवर, कपांवर, पुडक्यांवर मुरलेलं चिन्ह फेकून देऊ नये, हे कळायला फ्रॉइड कशाला लागतो? कुठल्याही पिठाच्या गिरणीवाल्याला ते कळतं.

कमानींच्या जागी आलं ते मॅन्सार्ड छप्पर. हा शब्दही फसवा आहे. फ्रान्समधलं खरं मॅन्सार्ड म्हणजे दुहेरी उताराचं छप्पर, ज्याच्या पोटात राहण्याजोगा माळा असतो. इथे माळाबिळा काही नव्हता. सपाट गच्चीभोवती तिरपा तपकिरी पडदा आणि त्यामागे लपवलेली वातानुकूलनाची यंत्रं. खाली विटांच्या भिंती, आत बसायची सोय. धंद्याच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर ही इमारत बँकेची शाखा किंवा दाताचा दवाखाना म्हणूनही खपली असती. फिनिक्सच्या इमारतीबद्दल असं कुणी म्हणू शकलं नसतं.

जुन्यांपैकी एक वाचली ती योगायोगाने. लॉस एंजेलिसजवळच्या डाऊनी गावातलं 1953 चं दुकान मूळ भावांशी थेट झालेल्या करारावर चालत होतं, त्यामुळे नूतनीकरणाची सक्ती त्याला लागू झाली नाही. 1990 मध्ये ते कंपनीकडे आलं आणि 1994 च्या भूकंपानंतर बंद झालं. लोक खवळले, धोक्यातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव आलं आणि कंपनीला ते दुरुस्त करून पुन्हा उघडावं लागलं.

पुढचे बदल भराभर झाले. ॲरिझोनातल्या सेडोना गावाने लाल खडकांच्या पार्श्वभूमीवर पिवळा रंग चालणार नाही असं सांगितलं. तिथल्या कमानी 1993 पासून फिरोजी आहेत. 2006 च्या सुमारास मॅन्सार्डवर कुऱ्हाड आली: पुन्हा सपाट छप्पर, पुढे भुवईसारखी एक पिवळी पट्टी. 2009 मध्ये जर्मनीत 'एम'मागचा लाल रंग जाऊन गडद हिरवा आला. पर्यावरणाचा आदर हे कारण दिलं गेलं. तळणीच्या तेलाला त्याने काय फरक पडला, हे विचारायचं नाही. शिकागोत 2005 मध्ये 60 फुटी पिवळ्या कमानी असलेली भव्य इमारत उभारली होती. 2018 मध्ये तिच्या जागी पोलाद, लाकूड आणि सौर पॅनेलची शांत इमारत आली. आता नव्या शाखा म्हणजे बहुतेक करड्या पेट्या, कोपऱ्यात एक छोटा 'एम'. भावांना 1952 मध्ये जी बुटकी पेटी लपवायची होती, तीच आता मिरवली जाते.

भारतात हा वाद उद्भवलाच नाही. 1996 मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये आणि पाठोपाठ मुंबईत दुकानं आली, ती बाजारपेठेतल्या इमारतींच्या तळमजल्यावर, पुढे मॉलमध्ये. छप्पर दुसऱ्याचंच, आपली फक्त पाटी. महाराष्ट्रात या पाटीलाही नियम लागला. 2022 च्या कायदा-दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. नाव देवनागरीत लिहायचं कसं, हा प्रश्न मात्र कायद्याने सोडवलेला नाही. मराठी मजकुरात मॅकडोनाल्ड्स, मॅकडॉनल्ड्स, मॅक्डोनाल्ड अशी तिन्ही रूपं सापडतात.