प्रेस : द्राक्षाच्या चरकापासून नोटांच्या छापखान्यापर्यंत

नाशिकरोडला कोणी ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणालं, तर त्याला कोणी पत्रकार समजत नाही. नोटा किंवा टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यातला कामगार, हाच अर्थ आधी घेतला जातो. इतर गावांत ‘प्रेस’ म्हणजे वर्तमानपत्रवाले, इस्त्रीच्या दुकानात ‘प्रेस’ म्हणजे कपड्याची घडी. या सगळ्यांच्या मागे इंग्रजीतलं एकच क्रियापद आहे आणि त्याचा प्रवास नाशिककरांना विशेष जवळचा वाटावा असा आहे.

मूळ लॅटिन. ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे. पुन्हा पुन्हा किंवा जोर लावून दाबणे यासाठी त्यावरून ‘प्रेस्सारे’ झालं. ते जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात इंग्रजीत उतरलं. गंमत अशी, की इंग्रजीत नाम म्हणून त्याचा सुरुवातीचा एक अर्थ यंत्राचा नव्हताच. तो होता गर्दी, पर्वणीला रामकुंडावर होते तशी रेटारेटी.

यंत्राचा अर्थ आला तो द्राक्षांमुळे. रोमन लोक द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायला लाकडी दाबयंत्रं वापरत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांत मळसूत्र आलं : दांडा फिरवला की फळी खाली येते आणि रस निघतो. जर्मनीतल्या माइन्झ शहरात योहानेस गुटेनबर्गने 1450च्या सुमारास छपाईचं यंत्र उभारलं तेव्हा हीच मळसूत्राची युक्ती त्याच्या हाताशी होती. फळीखाली द्राक्षांऐवजी शाई लावलेले खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, आणि त्यावर कागद आला. यंत्राचं नाव मात्र तेच राहिलं. पुढे ते नाव छापखान्याला आणि मग वर्तमानपत्रांनाही मिळालं. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना घातला तो 1476 मध्ये.

‘प्रिंट’ हा शब्दही याच ‘प्रेमेरे’च्या घरातला. छपाई इंग्लंडात पोचण्याआधीच तो मोहोरेचा किंवा पावलाचा ठसा या अर्थाने तिथे रुळला होता. ‘इम्प्रेस’ म्हणजे वरून दाबून ठसा उमटवणे. आपणही एखाद्याची ‘छाप पडली’ म्हणतो, तेव्हा चित्र तेच असतं. ‘एक्स्प्रेस’ म्हणजे दाबून बाहेर काढणे. त्यावरून मनातलं बोलून दाखवणे, मग स्पष्ट, मग खास एका कामासाठीचं आणि शेवटी खास गाडी. नाशिकरोडहून मुंबईला जाणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसच्या नावात ही सगळी वळणं आहेत.

नाशिक जिल्ह्यात या क्रियापदाची दोन्ही कामं आज चालतात. वायनरीत पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं आंबवण्याआधी दाबतात, लाल वाईनसाठी सालीसकट आंबवून झाल्यावर. आणि नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 पासून उभी आहे. त्याआधी भारताची टपाल तिकिटं लंडनची थॉमस डी ला रू कंपनी छापत असे. 1928 मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस सुरू झाली. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची 1931 मधली चित्रमय तिकिटंही नाशिकचीच. आपल्या खिशातल्या कागदी पैशाचा इतिहास इथे घडला, याचा अभिमान मला नाशिकबाहेरही सांगावासा वाटतो.

एक ‘प्रेस’ मात्र या घराण्यातला नाही. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारासाठी बंदरांतून माणसं जबरदस्तीने पकडून नेणाऱ्या टोळ्यांना ‘प्रेस गँग’ म्हणत. ऐकताना वाटतं, दाब आला म्हणजे हाच शब्द. पण त्याचं मूळ ‘प्रेस्ट’ म्हणजे उचल, आगाऊ पैसे. भरती होणाऱ्या खलाशाच्या हातावर अशी रक्कम ठेवत आणि ती घेतली की तो बांधला जाई. पुढे सक्ती वाढली, उच्चारही सारखे झाले आणि दोन्ही क्रियापदं एकमेकांत मिसळली. ‘प्रेस्ट’ची खूण आपल्या सरकारी कार्यालयांत अजून सापडते : किरकोळ खर्चासाठी हाताशी ठेवलेल्या कायम आगाऊ रकमेला तिथे आजही ‘इम्प्रेस्ट’ म्हणतात.