एचआयव्हीवरच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी शोध, पात्रता आणि कागदपत्रं

"ट्रायलचा फॉर्म कुठे मिळतो हो?" एआरटी सेंटरबाहेरच्या (एचआयव्हीच्या गोळ्या जिथे मिळतात, त्या सरकारी केंद्राबाहेरच्या) बाकावर हा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. ट्रायल म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासणारी चाचणी, आणि तिला तसा फॉर्म नसतो. संजय गांधी निराधारसारखं काउंटरवर कागद देऊन पोचपावती घ्यायची, असलं इथे काही नाही. आधी ट्रायलची नोंद शोधायची, त्या केंद्राला फोन करायचा, माहितीपत्रक वाचायचं, पटलं तर संमती द्यायची आणि मग तपासण्या होतात. त्या तपासण्यांनंतर तुम्हाला घेतील किंवा नाही घेणार. फॉर्म म्हणावा असा एकच कागद यात येतो, तो संमतीपत्राचा, आणि त्यातल्या एका रकान्यावर बरेच जण अडतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

शोधायचं कुठे

भारतात होणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ती 2007 मध्ये सुरू केली. औषध महानियंत्रकांनी 15 जून 2009 पासून ही नोंदणी सक्तीची केली, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी ती व्हावी लागते. वेबसाइट इंग्रजीत आहे, पाहायला पैसे लागत नाहीत. शोधाच्या चौकटीत एचआयव्ही हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाकला की यादी येते. ती लांबलचक असते आणि त्यातलं बरंचसं संपलेलं काम असतं, त्यामुळे आधी भरतीची स्थिती पाहा. 'भरती सुरू' असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

मग जागा बघा. इथे नवी मुंबईकर हमखास गोंधळतात. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, पनवेल रायगडमध्ये. नुसतं 'ठाणे' शोधलंत तर स्टेशनाच्या पलीकडची जागा सुटेल. मुंबई आणि पुणेही तपासा, कारण एचआयव्हीच्या संशोधनात पुण्याचा वाटा मोठा आहे. भोसरीची आयसीएमआरची संस्था, जिला जुने लोक अजून 'नारी'च म्हणतात, 1992 पासून हेच काम करते. जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून उपचार लवकर सुरू करावेत का, हे तपासणाऱ्या एचपीटीएन 052 ट्रायलमध्ये 9 देशांतली 1,763 जोडपी होती आणि त्यांत पुण्याचीही होती. लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते, हे 2011 मध्ये त्यातूनच कळलं. आज सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारक पेशींचा आकडा) कितीही असला तरी गोळ्या लगेच सुरू होतात, त्यामागच्या पुराव्यात या जोडप्यांचा मोठा हात आहे.

नोंदीच्या पानावर चौकशीसाठी फोन नंबर असतो, एथिक्स कमिटीची (भाग घेणाऱ्यांचं हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी आहे की नाही तेही दिसतं. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "नवीन औषधाची ट्रायल, फक्त इतके हजार भरा" असं पाठवलं, तर आधी सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ट्रायलच्या औषधाचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. उलट येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई देता येते, आणि ती किती द्यायची ते एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं.

कोण बसतं, कोण बसत नाही

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी. एकीला अजून एकही गोळी न घेतलेले रुग्ण हवे असतात, दुसरीला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 50 च्या खाली टिकलेले. वयाची अटही असतेच. हृदयविकार टाळण्यासाठी पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरची गोळी तपासणाऱ्या, भारतासह 12 देशांत झालेल्या ट्रायलमध्ये 40 ते 75 वयाचेच लोक घेतले होते.

वगळण्याची यादी वाचून पुष्कळांना वाईट वाटतं. पण बहुतेक अटींमागे औषधाचं गणित असतं. टीबीवरचं रिफाम्पिसिन हे डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण इतकं कमी करतं, की एरवी दिवसातून एकदा घ्यायची 50 मिलिग्रॅमची गोळी दोनदा घ्यावी लागते. अशा वेळी नव्या औषधाचा परिणाम तपासायचा म्हटलं तर हिशेबच चुकतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना गोळ्यांऐवजी दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांच्या ट्रायलमध्ये घेत नाहीत. तुमच्या टीएलडीतलं (रोजच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीतलं) टेनोफोव्हिर त्या विषाणूलाही दाबून धरतं, इंजेक्शन ते करत नाही. गरोदरपण आणि मूत्रपिंडाचे आकडे ही इतर नेहमीची कारणं.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. पात्र व्हावं म्हणून मनाने गोळ्या थांबवू नका. ज्या थोड्या ट्रायलमध्ये गोळ्या थांबवतात, त्यात ते काम डॉक्टरांच्या नजरेखाली, सतत व्हायरल लोड तपासत होतं.

बरोबर काय न्यायचं

एआरटीचं पुस्तक, आयसीटीसीचा (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राचा) निदानाचा रिपोर्ट, शेवटचे व्हायरल लोड आणि सीडी4 रिपोर्ट. पूर्वी टीबी झाला असेल तर त्या उपचारांचे कागद. बीपी, शुगर, झोपेची किंवा आयुर्वेदिक, जी काही औषधं चालू असतील त्यांची यादी, काही न लपवता. वय आणि पत्त्यासाठी ओळखपत्र. सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, मूळ पुस्तक हातचं सोडू नका. झेरॉक्स घराजवळच्या दुकानात काढायची नसेल तर स्टेशनाजवळ काढा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ऐरोलीतून गोळ्यांसाठी थेट भायखळ्याला जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

संमतीपत्र

2019 च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमांनुसार या पत्रात नाव, वय, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न लिहावं लागतं. आणि एक नॉमिनी, त्याचा पत्ता आणि नातं. लोक अडतात ते इथे. बँकेत नॉमिनी लिहिताना हात थांबत नाही, इथे थांबतो, कारण घरात कुणालाच माहीत नसतं. हा रकाना भरपाईसाठी आहे. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर पैसे कुणाला द्यायचे, एवढ्यासाठीच. तेव्हा सही करण्याआधी समन्वयकाला स्पष्ट विचारा: या व्यक्तीला कधी आणि काय सांगून फोन कराल? उत्तर पटलं नाही तर कागद घरी घेऊन जा, विचार करा, दुसरं नाव सुचतंय का पाहा. माहीत असलेला एखादा भाऊ, मैत्रीण, सपोर्ट ग्रुपमधलं कुणी.

रेकॉर्डिंगचीही भीती असते. काही नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये संमती देतानाचा व्हिडिओ काढायचा नियम आहे, पण एचआयव्हीच्या औषधांसाठी फक्त आवाज रेकॉर्ड करतात. चेहरा येत नाही. ज्याने कुणी ही तरतूद घालायला लावली, त्याचे आभार मानावेत असंच वाटतं.

वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. माहितीपत्रक मराठीतून मागा. भरलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी, मात्र ती घरी कुठे ठेवायची ते आधी ठरवा. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय तुमच्यावर संशोधन करता येत नाही. बाहेर कधीही पडता येतं, कारणही द्यावं लागत नाही, आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईची तरतूद आहे.

एआरटी सेंटरला सांगायचं का

सांगा. यात कमीपणा वाटून घेऊ नका. ट्रायलकडून गोळ्या मिळू लागल्या आणि तुम्ही सेंटरवर जाणं बंद केलंत, तर रजिस्टरमध्ये 'गळती' अशी नोंद पडते. मग तिथला कार्यकर्ता फोन करतो, नाही उचललात तर घरी येऊ शकतो. वाईट हेतूने नाही, त्याचं कामच ते आहे. पण दारात उभा राहून तो तुमचं नाव विचारेल आणि सासूबाई दार उघडतील, हे टाळता येण्यासारखं आहे. काउन्सेलरला ट्रायलचा क्रमांक आणि केंद्राचा फोन लिहून द्या. काही शंका असेल तर 1097 या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

स्क्रीनिंगमध्ये नाव बसलं नाही, तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट मागा आणि पुढच्या वेळी एआरटीच्या डॉक्टरांना दाखवा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचा आकडा) वाढलंय, हिपॅटायटिस बी आहे, हे पहिल्यांदा तिथेच कळलेले लोक आहेत.