ई-शासन सेवांच्या स्वीकाराचे मूल्यमापन (विकसनशील देश)

दाखले, परवाने, करभरणा, अनुदानाचे अर्ज अशा शासकीय सेवा ऑनलाइन उपलब्ध झाल्यावर नागरिक त्या प्रत्यक्षात किती, कशा आणि कोणाच्या मदतीने वापरतात, हे तपासण्याची अभ्यासपद्धती.

या क्षेत्रात सर्वाधिक आधार घेतला जातो तो संयुक्त राष्ट्रांच्या ई-शासन विकास निर्देशांकाचा. ऑनलाइन सेवा, दूरसंचार सुविधा आणि मानवी भांडवल (लोकांची साक्षरता व शिक्षण) या तीन उपनिर्देशांकांवरून तो काढतात. मात्र त्याचा रोख देशाच्या तयारीवर आहे. एखादी सेवा लोकांनी खरोखर वापरली का, हे त्यातून कळत नाही. ई-शासनाचे अभ्यासक रिचर्ड हीक्स यांच्या २००३ मधील अंदाजानुसार विकसनशील आणि संक्रमणशील (सरकारी नियोजनाकडून बाजारव्यवस्थेकडे वळणाऱ्या) देशांतील सुमारे ३५ टक्के ई-शासन प्रकल्प पूर्णतः, तर ५० टक्के अंशतः अपयशी ठरले होते. आराखड्यात गृहीत धरलेली परिस्थिती आणि जमिनीवरचे वास्तव यांतील दरी हे त्यांनी दिलेले कारण आजही पटते.

प्रश्नावलीवर आधारित अभ्यास बहुधा, लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या, फ्रेड डेव्हिस यांच्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपावर (१९८९) किंवा व्यंकटेश व सहकाऱ्यांच्या एकत्रित प्रारूपावर (२००३) बेतलेले असतात. उपयुक्तता, सुलभता, आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी हे त्यांतील मुख्य घटक. ई-शासनाच्या अभ्यासात त्यांना विश्वासाची जोड दिली जाते. ही प्रारूपे मुळात नोकरीच्या ठिकाणी संगणक वापरणाऱ्यांवरून घडली, ही त्यांची मोठी मर्यादा. शिवाय ‘वापराल का?’ या प्रश्नाला मिळालेला होकार म्हणजे वापर नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न मध्यस्थाचा आहे. भारतातील सामाईक सेवा केंद्रे किंवा बांगलादेशातील युनियन डिजिटल केंद्रे यांसारख्या ठिकाणी अर्ज केंद्रचालक भरतो. काही वेळा मोबाइल क्रमांकही त्याचाच नोंदवला जातो. मग ओटीपी त्याच्याकडे येतो आणि अर्ज मंजूर झाल्याचा किंवा त्रुटी निघाल्याचा संदेशही त्यालाच मिळतो. प्रणालीत अर्ज ‘ऑनलाइन’ म्हणून मोजला जातो, पण अर्जदाराने पडदा पाहिलेलाही नसतो. अशा वापराला कमी लेखणे चूक. तो स्वतंत्रपणे नोंदवला पाहिजे, कारण त्यात शुल्क, खासगी माहितीची सुरक्षितता आणि परावलंबन हे वेगळे प्रश्न येतात. कार्यालयातील अर्जाची खिडकी बंद करून सक्तीने वाढवलेली आकडेवारीही स्वीकार ठरत नाही.

म्हणून चांगल्या मूल्यमापनात अर्ज कोणत्या टप्प्यावर अर्धवट सुटतात, किती जणांना पुन्हा कागद घेऊन कार्यालयात जावे लागते आणि तक्रारींचे काय होते, हे पाहतात. सेवा न वापरणारे ऑनलाइन सर्वेक्षणात सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी घरोघरी जाऊनच विचारावे लागते, आणि घरातल्या स्त्रियांना, वृद्धांना वेगळे विचारावे लागते.