विद्यापीठांसाठी एजन्सी भरतीचे सामायिक खरेदी करार (ब्रिटन)

ब्रिटनमधल्या विद्यापीठांना ॲडमिशनच्या गर्दीत, परीक्षेच्या दिवसांत, कॅन्टीनला, आयटीत थोड्या काळासाठी माणसं लागतात आणि ती बरेचदा रिक्रूटमेंट एजन्सीकडून येतात. आता दर वेळी नवीन टेंडर कोण काढत बसणार, म्हणून अनेक विद्यापीठं मिळून एकदाच टेंडर काढतात, एजन्सींची यादी, दर आणि अटी पक्क्या करून ठेवतात, आणि पुढची काही वर्षं ज्याला गरज पडेल तो त्या यादीतून माणूस मागवतो. याला फ्रेमवर्क करार म्हणतात. टेम्पररी स्टाफ हा यातला मोठा भाग, पण परमनंट भरती आणि कुलगुरूसारख्या पदांना उमेदवार हुडकून देणाऱ्या फर्म यांचेही वेगळे गट असू शकतात, तिकडे त्यांना लॉट म्हणतात.

हे करार विद्यापीठांच्या खरेदी संघांमार्फत होतात. दक्षिणेत एसयूपीसी, लंडनला एलयूपीसी, उत्तरेला एनडब्ल्यूयूपीसी आणि एनईयूपीसी, वेल्सला एचईपीसीडब्ल्यू, स्कॉटलंडला एपीयूसी, आणि या सगळ्यांची मिळून यूकेयूपीसी ही छत्री. हेच संघ लॅबच्या सामानापासून फर्निचरपर्यंत बाकीची खरेदीपण बघतात, माणसं हा त्यातलाच एक विभाग (ऐकायला जरा विचित्र वाटतं खरं).

यादीत नाव लागलं म्हणजे एजन्सीला काम मिळालंच असं अजिबात नाही. फ्रेमवर्कमध्ये सहसा खरेदीची कसलीच हमी नसते, नुसता दारात उभं राहायचा परवाना. प्रत्यक्ष काम दोन पद्धतीने जातं, एकतर ठरलेल्या निकषांवर थेट एका एजन्सीला, नाहीतर लॉटमधल्या एजन्सींमध्ये छोटी स्पर्धा लावून. मोठी विद्यापीठं कधीकधी मास्टर व्हेंडर ठेवतात, म्हणजे एक मुख्य एजन्सी आधी स्वतःची माणसं देते आणि जमलं नाही तर काम दुसऱ्यांकडे सरकवते. न्यूट्रल व्हेंडर मात्र स्वतः माणसं पुरवत नाही, फक्त बाकीच्यांचा कारभार सांभाळतो.

खरी मेख पैशात आहे. लोकांना वाटतं की एकत्र खरेदी केली की माणूस स्वस्त पडतो, पण बिलातला बराचसा भाग कायद्यानेच ठरलेला असतो, त्यावर घासाघीस होतच नाही. समजा तासाला 14 पौंड पगार आहे. त्यावर सुट्टीच्या पगाराचे 12.07 टक्के, एजन्सीने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी (एप्रिल 2025 पासून 15 टक्के, ठरावीक रकमेच्या वरच्या पगारावर), पेन्शनचे किमान 3 टक्के असं धरत गेलं की आकडा 18 च्या आसपास जातो. घासाघीस होते ती यापुढच्या एजन्सीच्या मार्जिनवर, म्हणजे दीडेक पौंड धरा. मग या सगळ्या बेरजेवर 20 टक्के व्हॅट लागतो आणि तासाचा भाव 23 पौंडांच्या पुढे. शिक्षण व्हॅटमुक्त असल्यामुळे विद्यापीठाला हा व्हॅट बहुतेक वेळा परत मिळत नाही. एप्रिल 2009 आधी एक सवलत होती, तिच्यात एजन्सी फक्त स्वतःच्या कमिशनवर व्हॅट लावू शकायची, ती गेली आणि पगाराच्या रकमेवरही कर बसला. म्हणजे मार्जिनमध्ये पन्नास पेन्स वाचवायला एवढं मोठं टेंडर, आणि व्हॅटमध्ये जवळपास चार पौंड जातात! म्हणूनच काही विद्यापीठं टेम्पररी लोकांना थेट आपल्याच पेरोलवर घेतात, तिथे पगारावर व्हॅटचा प्रश्नच येत नाही. वॉरिक विद्यापीठाने तर युनिटेम्प्स नावाची स्वतःची एजन्सीच काढली, ती आता इतर विद्यापीठांतही चालते.

फ्रेमवर्कचा जास्त उपयोग स्वस्ताईपेक्षा अटींमध्ये होतो असं म्हणावं लागेल. एजन्सी वर्कर्स नियम 1 ऑक्टोबर 2011 पासून लागू आहेत, त्यानुसार एकाच जागी 12 आठवडे झाले की टेम्पररी माणसाला मूळ पगार, कामाचे तास आणि सुट्ट्या कायम माणसासारख्याच द्याव्या लागतात, कॅन्टीनसारख्या सोयी आणि रिकाम्या जागांची माहिती तर पहिल्या दिवसापासून. पेन्शन मात्र यात येत नाही. जुन्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक वगैरे स्टाफच्या यूएसएस या पेन्शन योजनेत विद्यापीठ जानेवारी 2024 पासून पगाराच्या 14.5 टक्के भरतंय आणि एजन्सीवाल्याला तेच किमान 3 टक्के, शेजारी बसून तेच काम केलं तरी. टेम्पररी माणूस आवडला आणि विद्यापीठाला त्याला कायम करायचं असेल तर एजन्सी फी मागते, ती कधी मागता येते यावर एजन्सींसाठीच्या 2003 च्या नियमांची मर्यादा आहे, आणि किती आठवड्यांनी फी माफ हे फ्रेमवर्कमध्ये आधीच लिहून ठेवलं की पुढची भांडणं टळतात.

विद्यापीठाला सरकारी खरेदीचे नियम लागतात का हाही जुनाच वाद. केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 2000 साली सांगितलं की निम्म्याहून जास्त पैसा सरकारी असेल तर लागतात. नंतर 2012 ला इंग्लंडमध्ये फी 9,000 पौंडांपर्यंत गेली आणि काही विद्यापीठं म्हणायला लागली की आता आमचा पैसा मुख्यतः फीचा, आम्ही त्यात बसत नाही. 2015 च्या सरकारी खरेदी नियमांत फ्रेमवर्क साधारण चारच वर्षं चालायचं. 24 फेब्रुवारी 2025 पासून प्रोक्युरमेंट ॲक्ट 2023 हा सरकारी खरेदीचा नवा कायदा लागू झाला (स्कॉटलंडचे नियम वेगळे), त्यात आठ वर्षांपर्यंतचं ओपन फ्रेमवर्क करता येतं आणि मधे दार उघडून नव्या एजन्सींना घ्यावं लागतं. आधी एकदा यादी बंद झाली की छोट्या एजन्सीला चार वर्षं बाहेरच थांबावं लागायचं.

पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या पोरांचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो कॅम्पसवरच्या टेम्प कामातून. डिग्री करणाऱ्यांना स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना सहसा आठवड्याला 20 तासच काम करता येतं, एजन्सी आणि विद्यापीठ दोन्हीकडचे तास त्यातच मोजले जातात, आणि काम सुरू व्हायच्या आधी राइट टू वर्क तपासणी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी आहे का याची खात्री, होते.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे महाराष्ट्र सरकारचा 6 सप्टेंबर 2023 चा जीआर. नऊ एजन्सींचं पॅनल, पदांचे अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे गट, सरकारी-निमसरकारी कार्यालयांनी त्यातूनच माणसं घ्यायची, ढाचा बराचसा तोच. पण तिकडे ही तात्पुरत्या गरजेची सोय धरली जाते आणि इथे लोकांना ती कायम भरतीची जागा खाणारी वाटली, स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने तो रद्द केला.