त्या पहाटे आबा घरी नव्हते

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. किल्लारीकडे गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. आम्ही सोलापुरात होतो. आमच्याकडे फडताळातली भांडी खणाणली आणि माणसं रस्त्यावर आली. मी सहा वर्षांचा होतो. मला लख्ख आठवतं, की आजोबांनी, म्हणजे आबांनी, मला अंथरुणातून उचललं, आपल्या करड्या शालीत गुंडाळलं आणि अंगणात नेलं. शालीला तपकिरीचा वास येत होता.

आई गेल्यावर तिची ट्रंक आवरताना आबांचं एक निळं आंतरदेशीय पत्र हाती लागलं. पुण्याहून, आत्याच्या घरून लिहिलेलं. तारीख १ ऑक्टोबर १९९३. ‘भूकंपाचे ऐकून जिवात जीव नाही. सर्व सुखरूप असल्याचे उलटटपाली कळवावे.’ म्हणजे त्या पहाटे आबा सोलापुरात नव्हतेच.

पत्र वाचून मी बराच वेळ ट्रंकेशेजारी बसून राहिलो. इतकी वर्षं ही हकीकत मी सांगत आलो होतो आणि त्यातला शब्दन् शब्द मला खरा वाटत होता.

अशा आठवणींची कसोशीने तपासणी झाली ती अमेरिकेत. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उलरिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितली, काय करत होता? सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पूर्ण बरोबर उत्तरं फक्त तिघांची आली. ११ जणांचं तर एकही मुख्य उत्तर आधीच्या उत्तराशी जुळेना. तरी बहुतेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

‘मनाच्या कप्प्यात जपून ठेवलेली आठवण’ असं आपण सहज म्हणतो. त्या कप्प्याने आपली समजूत फार बिघडवली आहे, असं मला वाटतं. मेंदूत असा कप्पा नाही.

मग काय आहे? याचं उत्तर ज्याच्यामुळे मिळू लागलं, तो कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड भागातला हेन्री मोलेसन. लहानपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूचा कानशिलांच्या आतल्या बाजूचा भाग दोन्हीकडून काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. समुद्रघोड्यासारख्या आकाराच्या या भागाचं काम तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. झटके बरेच कमी झाले, पण हेन्रीच्या मनात नवी आठवण धरेनाशी झाली. बालपण आठवत होतं, बोलणं शाबूत होतं, बुद्धी चांगली होती. मात्र आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, की हेन्रीला तो नवा. माँट्रियलहून येऊन त्याचा अभ्यास करणाऱ्या ब्रेंडा मिल्नर यांना दर भेटीत नव्याने ओळख करून द्यावी लागे.

मिल्नर यांनी त्याला एक अवघड काम दिलं. आरशात बघत, दुहेरी रेषेने काढलेल्या चांदणीच्या मधल्या जागेतून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलट दिसतं, त्यामुळे सुरुवातीला कुणाचाही हात भरकटतो. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईने चालू लागला. आणि तिसऱ्या दिवशीही त्याला वाटत होतं, की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. हात शिकला होता, हेन्रीला त्याचा पत्ता नव्हता. सायकल चालवण्याची स्मृती वेगळी आणि सायकल शिकताना कोपर फुटलं त्या दुपारची स्मृती वेगळी, हे त्यातून उघड झालं. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत जगाला तो ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनीच माहीत होता. पन्नासहून अधिक वर्षं तो चाचण्या देत राहिला, आणि दिलेली एकही चाचणी त्याच्या लक्षात राहिली नाही. स्मृतीबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्याबद्दल या माणसाचे आपण मोठे ऋणी आहोत.

एखादा प्रसंग अनुभवताना दिसलेलं, ऐकलेलं, वास, भीती या सगळ्यांची नोंद मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत होते. एकत्र जाग्या झालेल्या चेतापेशींमधले जोड घट्ट होतात. हिप्पोकॅम्पस हे विखुरलेले तुकडे ओवणाऱ्या दोऱ्याचं काम करतो. पुढे एखादा तुकडा हलला, तपकिरीचा वास आला, की दोऱ्याबरोबर बाकीचेही वर येतात. एखादा मणी गळालेला असेल, तर मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही. तिथे शोभेल असा दुसरा बसवतो, आणि हे झाल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही.

शिवाय आठवण काढणं हीच तिला हात लावण्याची वेळ असते. २००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाची धास्ती लावली. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकवून, लगेच त्यांच्या मेंदूत प्रथिनं बनणं थांबवणारं औषध टोचलं. धास्ती बरीचशी पुसली गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलेल्या उंदरांची धास्ती मात्र कायम राहिली. म्हणजे बाहेर काढलेली आठवण काही काळ ओली असते आणि तिला नव्याने वाळावं लागतं. त्या ओलेपणात बाहेरचं काही चिकटू शकतं.

याची किंमत माणसं तुरुंगात मोजतात. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात एका तरुणीवर बलात्कार झाला. तिने त्या माणसाचा चेहरा ठरवून, बारकाईने पाहून ठेवला होता. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं, नंतर ओळख परेडमध्येही त्यालाच. दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. फोटोतल्या चेहऱ्याने खऱ्या चेहऱ्याची जागा घेतली. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला, तर तिने त्याला ओळखलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त कैद भोगून. ती बाई खोटं बोलत नव्हती. साक्षीदाराचा ठामपणा आणि साक्षीचा खरेपणा यांत आपण अजून पुरेसा फरक करत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

रोजचं विसरणं याच्या तुलनेत साधं आहे. गॅस बंद केला का, हे आठवत नाही, कारण हात सवयीने फिरला तेव्हा लक्ष दुसरीकडे होतं. ती आठवण मुळात घडलीच नाही. उलट पावकी, निमकी, अडीचकी घोकलेली जुनी माणसं ऐंशीव्या वर्षीही ती धडाधड म्हणतात. त्यात ताल होता, आणि पुस्तक मिटून म्हणावं लागे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा मिटून आठवून पाहणं आठवड्याने जास्त कामी येतं, हे रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं.

तुकडे जुळवणारी ही रीत इतकी चुकते, तरी ती टिकली का? एक धागा लंडनमध्ये सापडला. हिप्पोकॅम्पस बिघडलेल्या पाच रुग्णांना २००७ मध्ये सांगितलं, की एखाद्या समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा. बहुतेकांना सुटे तुकडे सुचले, एकसंध किनारा उभा राहिना. मागचं जुळवणारी यंत्रणाच पुढचंही रंगवते, असं यावरून दिसतं. उद्याचा विचार करायला सुटे, हलवता येणारे तुकडेच लागतात.

पत्र सापडल्यावर मी धाकट्या काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘अरे, तुला मी उचललं होतं. थंडी वाजेल म्हणून खुंटीवरची आबांची शाल घेतली.’’

शाल खरी होती, वास खरा होता. त्या शालीत आबा असणार, हे मेंदूने भरलं. अर्थात काका सांगतात तीही त्याच रात्रीची आठवण, इतक्या वर्षांनी काढलेली. कागदावर आहे ते एवढंच, की आबा पुण्यात होते. डोळे मिटले, की मला अजूनही आबाच दिसतात.