वाहनावरील विंच : विद्युत आणि हायड्रॉलिक

चिखलात, वाळूत किंवा ओढ्यात रुतलेले वाहन दोराने ओढून बाहेर काढण्यासाठी त्याच वाहनाच्या पुढच्या, क्वचित मागच्या, बंपरवर बसवलेले ओढयंत्र. आडवा ढोल, त्यावर गुंडाळलेला दोर, वेग घटवून ओढ वाढवणारी गिअरपेटी, ढोल उलटा फिरू न देणारा ब्रेक आणि मोटर हे त्याचे मुख्य भाग. विहिरीवरचा रहाट ज्याने पाहिला आहे त्याला तत्त्व निराळे सांगायला नको. मोटर गाडीच्या बॅटरीवर चालते की तेलाच्या दाबावर, यावरून विद्युत आणि हायड्रॉलिक असे दोन प्रकार पडतात. इंजिनाची शक्ती दांड्याने थेट घेणारा पीटीओ (‘पॉवर टेक-ऑफ’) विंच हा त्यांच्या आधीचा.

उगम : दोर ढोलावर गुंडाळून ओढण्याची युक्ती किती जुनी, याविषयी एकमत नाही. इ. स. पू. ४८० च्या सुमाराच्या इराणी स्वारीचे वर्णन करताना ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने हेलेस्पाँट (आजची डार्डानेल्स) सामुद्रधुनीवरील होड्यांच्या पुलाचे दोर लाकडी रहाटांनी ताणल्याचे लिहिले आहे. विंचचा आद्य लेखी उल्लेख म्हणून हाच उतारा वारंवार दिला जातो. मात्र तेथे आलेला ग्रीक शब्द मूळचा ‘गाढव’ या अर्थाचा असून तो जात्याच्या वरच्या तळीलाही लावत असत. तेव्हा एवढ्या एका शब्दावरून यंत्राची रचना ठरवणे धाडसाचे आहे. दोर ताणायला फिरते लाकूड होते, इतकेच त्यातून निश्चित निघते.

वाहनावरच्या विंचचे कूळ कोणते, हा दुसरा वादाचा मुद्दा. एक मत त्याला जहाजाचा नांगर ओढणाऱ्या कॅपस्टनकडे, म्हणजे उभ्या ढोलाच्या रहाटाकडे, नेते. गाळात बसलेले जहाज नांगर होडीतून दूर नेऊन टाकी आणि त्याचा दोर ओढत स्वतःला सोडवून घेई. लँड रोव्हर गाडीच्या नाकावर क्रँकशाफ्टवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून) फिरणारा उभा कॅपस्टन मिळत असे, हेही या मताच्या बाजूने सांगितले जाते. दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या शेतयंत्रांकडे बोट दाखवते. इंग्लंडमध्ये १८५० नंतरच्या काळात जॉन फाउलर याने वाफेच्या इंजिनाने तारदोर ओढून नांगरट करण्याची पद्धत रुळवली. पुढे अनेक वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांच्या मागच्या आसावर तारदोराचा ढोल असे आणि रुतलेले इंजिन त्याच्या साहाय्याने स्वतःला बाहेर काढी. जहाजावर बराच काळ माणसांचे बळ लागे, येथे मात्र ओढणारी शक्ती अडकलेल्या वाहनाच्या स्वतःच्या इंजिनातून येते. या कारणाने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

विद्युत विंच शक्य झाला तो गाड्यांची वीजव्यवस्था सशक्त झाल्यावर. अमेरिकी मोटारी १९५० नंतरच्या दशकात ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. जीपच्या चाकांसाठी लॉकिंग हब (पुढची चाके आसाला जोडणारे-सोडवणारे तुंबे) बनवणाऱ्या वॉर्न या कंपनीने (स्थापना १९४८) १९५९ मध्ये विद्युत विंच बाजारात आणला. हौशी वाहनांसाठीचा असा हा पहिलाच, असे म्हटले जाते. याच कंपनीच्या ‘८२७४’ या नमुन्याच्या नावातच ८,००० पौंडांची ओढ आणि १९७४ हे साल आहे. हायड्रॉलिक प्रकाराला हलक्या गाड्यांत वाट मिळाली ती पॉवर स्टिअरिंगमुळे. अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस याने १९२० नंतरच्या दशकात विकसित केलेली ही योजना १९५१ मध्ये क्रायस्लरने विक्रीच्या मोटारीत आणली आणि दाबाखालचे तेल बॉनेटखाली आयते मिळू लागले.

विद्युत विंच : सुमारे ४,३०० किग्रॅ. (९,५०० पौंड) ओढीचा विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. १२ व्होल्टला ही शक्ती ४.८ किलोवॅट होते. गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजजनित्र) साधारण १०० अँपिअर देतो, म्हणजे तीन चतुर्थांश भार बॅटरीवरच पडतो. इंजिन बंद असेल तर सगळाच. ७० अँपिअर-तासांची बॅटरी ४०० अँपिअरला दहा मिनिटे पुरेल असे भागाकार सांगतो, पण १८९७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने मांडलेल्या नियमानुसार प्रवाह वाढला की शिसे-आम्ल बॅटरीची उपयोगी क्षमता घटते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मा वेळही मिळत नाही. विद्युत दाब १० व्होल्टकडे उतरला की मोटरीची ओढ लगेच कमी होत नाही, वेग मंदावतो. काम लांबते आणि लांबलेल्या वेळात उष्णता साचते. हे कानाला आधी कळते : मोटरीचा चढा आवाज खाली येत घोगरा होतो, सोलेनॉइडची (मोटरीचा प्रवाह जोडणाऱ्या विद्युत खटक्याची) टकटक सुरू होते. अशा वेळी बटण सोडून मोटरीच्या कवचावर तळहात ठेवावा. हात ठेवता येत नसेल तर मोटर निवेपर्यंत थांबावे, इंजिन चालू ठेवून बॅटरी भरू द्यावी. मोटरी जळतात त्या बहुतेक ‘अजून थोडेच राहिले आहे’ म्हणून दाबून धरलेल्या बटणाने.

हायड्रॉलिक विंच : यात दाब ओढ ठरवतो आणि तेलाचा ओघ वेग ठरवतो. स्टिअरिंगच्या पंपाकडून १०० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब आणि मिनिटाला १० लिटर ओघ मिळाला, तर शक्ती जेमतेम १.७ किलोवॅट भरते. आकड्यांवरून हा प्रकार फार दुबळा दिसतो, पण विद्युत विंचच्या ४.८ किलोवॅटपैकी मोठा वाटा उष्णतेत जात असल्याने पूर्ण भाराखाली दोघांतले अंतर थोडे उरते. फरक खरा जाणवतो तो हलक्या भाराला. विद्युत मोटर भार उतरताच भरभर फिरते, तर तेलाचा ओघ बांधलेला असल्याने हायड्रॉलिक ढोल आपल्याच गतीने फिरतो. ॲक्सिलरेटर दाबूनही विशेष लाभ नाही, कारण स्टिअरिंगच्या पंपातील झडप ओघ वाढू देत नाही. मोकळा दोर गुंडाळायला म्हणूनच धीर लागतो.

त्याच्या बदल्यात मिळते ते सातत्य. उष्णता तेलाबरोबर वाहून जाते, आणि तेल थंड करणारा कूलर असेल तर हा विंच इंजिन चालू असेपर्यंत ओढत राहतो. मोटर बंदिस्त व तेलात असल्याने चिखलपाण्याची तिला बाधा नाही. उणीव एकच, पण मोठी : इंजिन बंद पडले की विंचही बंद. ओढ्यात एअर फिल्टरवाटे पाणी ओढून इंजिन बसले, तर दोर हातात असून निरुपयोगी. भाराखाली स्टिअरिंग जड होऊ शकते आणि नळी फुटली तर स्टिअरिंगची मदतही जाते. बचाव-ट्रकांवर पीटीओला जोडलेला स्वतंत्र पंप असतो. २०० बार आणि मिनिटाला ६० लिटर धरले तर तेथे २० किलोवॅट मिळतात आणि तुलनाच बदलते.

निवड : वर्षातून काही वेळा, दहा-वीस मीटर ओढायचे असेल तर विद्युत विंच पुरेसा, बसवायला सोपा आणि इंजिन बसले तरी काही मिनिटे हाताशी असलेला. रोज आणि तासन्‌तास ओढायचे असेल तर हायड्रॉलिक. अलीकडे हा प्रश्न बऱ्याच गाड्यांपुरता निकालात निघाला आहे, कारण विद्युत स्टिअरिंग आल्यावर तेलाचा पंपच राहिला नाही. मारुती सुझुकी जिम्नी आणि महिंद्रा थार रॉक्स यांत तो नाही. फोर्सच्या गुरखामध्ये स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे.

कोणताही प्रकार घेतला तरी क्षमता गाडीच्या भारासहित वजनाच्या दीडपट असावी असा संकेत आहे. अमेरिकेत ‘एसएई जे७०६’ आणि युरोपात ‘ईएन १४४९२-१’ ही मानके प्रमाण मानतात. पाटीवर लिहिलेली ओढ ढोलावरच्या पहिल्या थरापुरती असते, ही गोष्ट विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही. थरावर थर चढले की ढोल जाड होतो आणि ओढ घटते. ६३ मिमी. व्यासाच्या ढोलावर ८ मिमी. दोराचे चार थर झाले, तर ४,३०० किग्रॅ.चा विंच चौथ्या थरावर सुमारे २,५७० किग्रॅ.च ओढतो. म्हणून दोर जास्त सोडून लांबचे झाड धरावे किंवा कप्पी लावून दोर दुहेरी करावा : ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

दोर व ब्रेक : ग्रहीय गिअरच्या (मधल्या चाकाभोवती छोटी दातेरी चाके फिरणाऱ्या) बहुतेक विद्युत विंचांत ब्रेक ढोलाच्या पोटात असतो. गाडी उतारावर दोराने खाली सोडताना तो तापतो. डायनीमासारखा कृत्रिम दोर हलका असतो, पाण्यावर तरंगतो आणि तुटला तर पोलादी तारेसारखा झेपावत नाही, पण सुमारे १५० अंश से.ला वितळतो आणि त्याच्या कितीतरी आधी कमजोर होतो. हायड्रॉलिकमध्ये भार तेल व झडप धरून ठेवतात, त्यामुळे ढोल तुलनेने थंड राहतो. पोलादी तार वापरल्यास जाड हातमोजे हवेत, तारेवर मध्यभागी गोधडी किंवा ओले पोते टाकावे आणि ताणलेला दोर कधीही ओलांडू नये.

भारतात : कोकण किनाऱ्यावरील ट्रॉलरांवर जाळे ओढणारा विंच इंजिनातून शक्ती घेतो, त्यामुळे यंत्र म्हणून विंच येथे नवा नाही. जंगलवाटांच्या स्पर्धांतून गाडीवरचा विंच अधिक परिचित झाला. मलेशियात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात होऊ लागली. जांभ्याच्या लाल चिखलात चाके आसापर्यंत जातात आणि टप्प्यामागून टप्पा दोरावरच पार करावा लागतो.