१६ बार म्हणजे मोजून १६च?

म्युझिकलच्या (गाण्यांतून गोष्ट सांगणाऱ्या नाटकाच्या) ऑडिशनला ‘१६ बार गा’ (बार म्हणजे गाण्यातला ठरावीक मात्रांचा एक तुकडा) म्हटलं की लोक बोटांवर मोजायला लागतात. सतरावा बार गायला की बादच, असा समज! तसं नसतं. चार मात्रांचा बार धरला तर १६ बार म्हणजे ६४ मात्रा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत त्या ३२ सेकंदांत उरकतात; ६०च्या लयीत मिनिटाहून जास्त खातात. ऐकणाऱ्याला हवा असतो साधारण अर्ध्या मिनिटाचा तुकडा. एखाददुसरा बार पुढेमागे सहसा खपतो, ओळ अर्ध्यावर तोडलेली मात्र कानाला खुपते. साथीच्या पियानोवादकाला द्यायच्या स्वरलिपीच्या प्रतीवर सुरुवात-शेवट ठळक खुणा करून दाखवा. मर्यादा सेकंदांत दिली असेल तर घड्याळ लावून गाऊन बघा.